मुसळीचे बेणे

१. ओली पिशवी

श्रावण लागला होता. रात्रभर भुरभुर पाऊस चालू होता. सकाळी तो थोडा थांबला. कळमनुरीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एक लहान गाव आहे. गावाचे नाव कोणतेही धरा. हिंगोली जिल्ह्यात डोंगराकडेची अशी पुष्कळ गावे आहेत. ही गोष्ट त्यांतल्या कोणत्याही गावाची असू शकते.

आजी ओसरीवर वाती वळत बसली होती. इतक्यात नातू डोंगरावरून आला. पाय चिखलाने भरले होते. एका हातात कुदळ होती. दुसऱ्या हातात ओली पिशवी होती.

“काय आणलंस रं?” आजीने विचारले.

“मुसळी हाय, आजी. सफेद मुसळी. बाजाराच्या दिवशी व्यापारी येतो. तो घेतो म्हणाला.”

आजीने पिशवीत हात घातला. एक मुळी बाहेर काढली. ती करंगळीपेक्षा बारीक होती. आजीने ती मोडली. आत नुसते पाणीच.

“ही कवळी हाय, बाबा. शेंगेत दाणा भरायच्या आधी तूर उपटावी, तसं केलंस तू. दसऱ्यानंतर खणायची असती ही.”

नातू म्हणाला, “आजी, दसऱ्यापर्यंत पानं झडून जातात. मग जमिनीवर काय दिसतंय? खणू कुठं? अन् मी नाही खणली तर दुसरा खणतोच की. औंदा पेरणी दोनदा करावी लागली. दुकानदाराचं बियाण्याचं देणं हाय. पोरीच्या वह्या आणायच्या हायत. मी काय मौजेनं डोंगर खणतो का?”

आजी गप्प झाली. नातू खोटे बोलत नव्हता.

मंडळी, नातवाच्या या बोलण्यात मुसळीचे सगळे दुखणे आले आहे. “दिसते तेव्हा ती कच्ची असते. पिकते तेव्हा ती दिसत नाही. आणि मी नाही नेली तर दुसरा नेईल.” हे दुखणे आज आपण नीट समजून घेऊ.

२. मुसळी ओळखा

सफेद मुसळी ही लहानशी रोपटी आहे. मृगाचा पाऊस पडला की ती जमिनीतून वर येते. तिची पाने लांबट असतात आणि जमिनीलगत पसरतात. आषाढ-श्रावणात मधून एक दांडा निघतो. त्या दांड्यावर पांढरी, सहा पाकळ्यांची फुले येतात. पुढे लहान बोंडे धरतात. त्यांत काळे बी असते. भादवा सरता सरता पाने पिवळी पडतात. आश्विनात ती झडून जातात.

वरचे झाड दिसेनासे झाले म्हणजे ते मेले असे नाही. ते जमिनीत झोपलेले असते. जमिनीखाली एक लहान बुडखा असतो. त्याला पांढऱ्या, बोटांसारख्या मुळ्यांचा झुबका लोंबत असतो. पावसाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न या मुळ्यांत साठते. पाने झडल्यावर मुळ्या पक्क्या होतात. त्यांची साल काळपट होते. पुढच्या मृगात बुडख्याच्या डोळ्यातून पुन्हा कोंब फुटतो.

आयुर्वेदात मुसळीला शक्ती देणारे औषध मानतात. म्हणून तिला देशात आणि परदेशात मागणी आहे. काळी मुसळी म्हणून आणखी एक वनस्पती आहे. तिचे फूल पिवळे असते. ती वेगळी. दोघींची गल्लत करू नये.

आणखी एक इशारा. त्याच पावसात, त्याच झुडपांत कळलावीही उगवते. तिचे लाल-पिवळे फूल ज्वाळेसारखे दिसते. तिचा कंद जहरी आहे. तो खाल्ल्याने माणूस दगावतो. म्हणून ओळख पटल्याशिवाय रानातले कोणतेही मूळ तोंडात घालू नये. कोणाला औषध म्हणून देऊही नये.

सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव मुंबईजवळच्या बोरिवलीवरून पडले आहे. फादर सांतापाव हे मुंबईचे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५५ च्या सुमारास या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन छापले. म्हणजे शास्त्राच्या वहीत तिचे नाव लागून अजून शंभर वर्षेही झाली नाहीत. आणि एवढ्यात शास्त्रज्ञ तिला धोक्यात आलेल्या वनस्पतींत धरू लागले आहेत.

३. दुखणे कोठे आहे?

पहिले दुखणे असे. पानाचे औषध असेल तर पान तोडावे. झाड राहते. फळाचे औषध असेल तर फळ घ्यावे. झाड राहते. मुसळीचे औषध मुळीत आहे. मूळ काढले की झाडच गेले.

दुसरे दुखणे असे. श्रावणात खणले तर मुळी कच्ची निघते. पक्क्या मुळ्या पाच किलो घेतल्या, सोलून वाळवल्या, तर जेमतेम एक किलो माल होतो. कच्च्या मुळीत पाणीच जास्त. ती वाळून आणखी कमी भरते. म्हणून व्यापारी तिला भाव देत नाही. भाव कमी मिळाला की माणूस जास्त खणतो. जास्त खणले की डोंगर रिकामा होतो. शिवाय श्रावणात बी पिकलेले नसते. म्हणजे आईही गेली आणि लेकरेही गेली.

तिसरे दुखणे बियांचे. मुसळीचे बी सहज रुजत नाही. शंभर बिया पडल्या तर फार तर वीस-पंचवीस उगवतात. उगवलेले रोप जनावराच्या खुराखाली येते, नाही तर उन्हात करपते. म्हणून एकदा रिकामा झालेला उतार आपोआप लवकर भरत नाही.

चौथे दुखणे रानाचे. मराठवाड्यात जंगल मुळातच थोडे. हिंगोली जिल्ह्यात ते डोंगर-उतारांवर तुकड्या-तुकड्यांनी राहिले आहे. तेथे साग, पळस, धावडा, तेंदू, मोह अशी झाडे आहेत. मोह वेचायला सोपे जावे म्हणून कोणी खालचा पाला पेटवतो. तो वणवा साऱ्या डोंगरभर फिरतो. पाला जळला की जमीन उघडी पडते. पहिल्याच पावसात वरची माती वाहून जाते. मुसळीला भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी, पालापाचोळ्याची माती लागते. ती माती कयाधूत किंवा पैनगंगेत गेली, तर मुसळीने उगवावे कोठे?

आणि पाचवे दुखणे सर्वांत अवघड. डोंगर सगळ्यांचा आहे, म्हणून तो कोणाचाच नाही. एकाने हात आवरला तरी मुसळी वाचत नाही. ती दुसऱ्याच्या पिशवीत जाते. मग पहिल्यालाही वाटते, आपणच का मागे राहावे? असे करत करत सगळे मिळून बेणे संपवतात. यात एकटा कोणी लबाड नसतो. पण नुकसान सगळ्यांचे होते.

४. शेतात लावली तर?

कोणी म्हणेल, “रानाची कशाला काळजी? मुसळी शेतात लावू.”

शेतात मुसळी येते. लोक ती लावतातही. पण त्याची एक कथा आहे. २००० सालानंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात मुसळीच्या शेतीचा मोठा गाजावाजा झाला. बेणे फार महाग विकले गेले. पुष्कळांनी कर्ज काढून लागवड केली. माल निघाला तेव्हा भाव घसरला होता. मोठमोठे आकडे सांगणारे तेव्हा पुढे आले नाहीत. अनेक शेतकऱ्यांचे नुकसान झाले. म्हणून मुसळी लावायची तर आधी गिऱ्हाईक पाहावे, भाव लेखी घ्यावा, आणि थोडक्यावर सुरुवात करावी.

शेतातल्या मुसळीने रानावरचा भार थोडा हलका होतो. ते चांगलेच. पण शेत हे रानाची जागा घेऊ शकत नाही. शेतात बहुधा एकाच तऱ्हेचे बेणे असते. रानात मात्र एकाच उतारावर नाना तऱ्हा असतात. एक झाड कमी पावसात तगते. एक खडकाळ जागी तगते. एकाला कीड कमी लागते. उद्या शेतात रोग आला, तर नवे चांगले बेणे कोठून आणायचे? रानातूनच. रान ही बेण्याची मूळ कणगी आहे. कणगीच विकून टाकली, तर पुढच्या मृगाला पेरायचे काय?

हे हिंगोली-वसमतच्या हळदवाल्यांना सांगायला नको. हळद काढली की घरधनी सगळी शिजवून बाजारात नेतो का? नाही. चांगले जेठे गड्डे तो बाजूला काढतो. सावलीत ठेवतो. घरात कितीही अडचण असली तरी बेण्याला हात लावत नाही. कारण बेणे खाल्ले तर पुढचे साल खाल्ले. मुसळीचे बेणे मात्र आपण दरसाल खात आलो आहोत. ते घरात नसून डोंगरावर आहे, एवढाच फरक.

५. दुसऱ्यांनी काय केले?

अमेरिकेच्या जंगलात जिनसेंग नावाची वनस्पती आहे. तिचेही मूळच औषधी. तिलाही मोठी मागणी. ती संपू लागली, तेव्हा तेथे नियम झाले. पुष्कळ राज्यांत सप्टेंबर महिना लागल्याशिवाय जिनसेंग खणता येत नाही. कोवळे झाड खणायचे नाही. फळ लाल झाले असले पाहिजे. आणि खणणाऱ्याने त्या झाडाचे बी त्याच जागी मातीत पुरायचे. किती साधा नियम आहे! न्यायचे, पण परत देऊन न्यायचे.

आपल्या देशातही प्रयत्न झाले आहेत. १९९३ पासून दक्षिणेतल्या राज्यांत काही जंगले औषधी वनस्पतींसाठी राखून ठेवली गेली. तेथे वनस्पती तिच्या मूळ जागीच जपतात. २००० साली केंद्र सरकारने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले.

कायदेही झाले. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असावी लागते. गावातली झाडे, पिके, जनावरे आणि त्यांविषयीची माहिती या समितीने एका नोंदवहीत लिहायची असते. व्यापारासाठी माल नेणाऱ्याकडून ती फी घेऊ शकते. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्या लोकांना गौण वनोपजाचा हक्क दिला. जंगल राखण्याचा अधिकारही ग्रामसभेला दिला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. त्या जंगलाचा कारभार गाव पाहू लागले.

पण कायदा कागदावर असतो आणि मुसळी डोंगरावर असते. एका वनरक्षकाकडे कितीतरी डोंगर. तो प्रत्येक रोपट्याजवळ कसा उभा राहील? मधला रस्ता गावालाच चालावा लागतो.

६. गावाची बैठक

आपल्या गोष्टीतल्या गावात पोळ्याच्या आधी बैठक भरली. सरपंच आले. वनरक्षक आले. साक्षरता वर्गाच्या बाई आल्या. आजीही काठी टेकत आली.

सरपंच म्हणाले, “डोंगर बंद करून टाकू. कोणीच खणायचं नाही. झालं.”

मागे एक बाई उभी राहिली. ती आंध समाजाची होती. तिला शेत नव्हते.

“बंद करा म्हणता, सरपंच दादा. ज्याला शेती हाय त्याचं काय जातंय? पावसाळ्यात काम नसतं. आमची चूल त्याच डोंगरावर चालती. राखायचं बी आम्ही, अन् उपाशी बी आम्हीच, असं कामून?”

बैठक शांत झाली. मग आजी म्हणाली, “तिचं खरं हाय. पोट बंद करता येत नाही. पण माय, असंच खणत राहिलो तर आणखी पाच सालांनी तुझ्या लेकीला काय गावंल? माझ्या लहानपणी पांदणीच्या कडंला मुसळी होती. आता अर्धा डोंगर चढावा लागतो.”

बराच वेळ बोलणे झाले. भांडणही झाले. दोघे-तिघे उठून गेले. शेवटी असे ठरले.

डोंगराचे तीन भाग करायचे. एका साली एकाच भागात खणायचे. बाकीचे दोन भाग विसावा घेतील.

दसऱ्याच्या आधी कोणी कुदळ लावायची नाही. बी पडू द्यायचे.

दर चार झाडांतले एक झाड बेण्यासाठी सोडायचे. खणलेल्या झाडाचा बुडखा दोन-तीन मुळ्यांसकट त्याच खड्ड्यात परत लावायचा. नुसती मुळी लावून उपयोग नाही. डोळा बुडख्याला असतो. बुडख्याचा तुकडा नसेल तर कोंब फुटत नाही.

खणण्याचा पहिला मान भूमिहीन घरांचा.

माल ओला विकायचा नाही. सोलून, वाळवून, एकत्र तोलून विकायचा.

वणवा लागू द्यायचा नाही. मोहाखाली पाला झाडून गोळा करायचा, पेटवायचा नाही.

वनरक्षक म्हणाले, “एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या जंगलावर ग्रामसभेचा हक्क मंजूर झाला आहे, तिथं तुमचा नियम चालेल. बाकी ठिकाणी आधी वनखात्याची परवानगी घ्या. अभयारण्यात तर काडीलाही हात लावू नका.”

सगळ्यांना ते पटले. पण नातू उठला. “माझा सवाल तसाच राहिला. दसऱ्यानंतर पानं नसतात. मग मुसळी सापडायची कशी?”

एकजण म्हणाला, “आता खुंट्या ठोकून ठेवू.”

दुसरा म्हणाला, “म्हणजे चोराला वाटच दाखवली की!”

सगळे हसले. पण प्रश्न खराच होता.

७. वही

तेव्हा आजीची नातसून पुढे आली. ती मागच्याच साली वर्गात लिहायला शिकली होती. ती हळूच म्हणाली, “खुंटी कशाला? वहीत लिहून ठेवू. आजी झाड दाखवतील. मी लिहीन. ‘वाकड्या सागापासून सात पावलं, उगवतीच्या अंगाला, तीन झाडं.’ डोंगरावर खूण नको. खूण वहीत.”

बाई म्हणाल्या, “बरोबर. आणि ती वही समितीजवळ राहील. कोणती वनस्पती गावात आहे ते पंचायतीच्या नोंदवहीत लिहू. नेमकी जागा मात्र सर्वांना सांगायची नाही.”

दुसऱ्या दिवशी आजी आणि नातसून डोंगरावर गेल्या. आजी काठीने दाखवी. नातसून पावले मोजी आणि लिही. आजीला अक्षर येत नव्हते. नातसुनेला मुसळी ओळखता येत नव्हती. दोघी मिळून एक पूर्ण माणूस झाल्या. संध्याकाळपर्यंत वहीची चार पाने भरली. आजी म्हणाली, “माझ्या डोक्यातला डोंगर मी मेल्यावर माझ्यासंगं जाणार होता. आता तो कागदावर राहील.”

मंडळी, ही गोष्ट लहान नाही. औषधी झाडाबरोबर त्याची माहितीही मरत असते. म्हाताऱ्या माणसांना झाडे ओळखता येतात. मुले शाळेत जातात, पण त्यांना झाडे ओळखत नाहीत. नवे शिकलेले प्रौढ या दोघांच्या मधला पूल आहेत. अक्षर आले ते नुसते नाव लिहिण्यासाठी नाही. वजनाची चिठ्ठी वाचावी. व्यापाऱ्याचा हिशेब तपासावा. कायद्याने आपल्याला काय दिले ते वाचावे. आणि आपल्या डोंगराची नोंद आपल्याच हाताने करावी.

आता नातवाच्या पिशवीचे काय झाले? ती पिशवी बाजारात गेली नाही. आजीने ती ओसरीवर ओतली. बहुतेक मुळ्या बुडख्यापासून तुटल्या होत्या. त्या कामाच्या नव्हत्या. अकरा झुबक्यांना बुडखा शाबूत होता.

“हे अकरा परत लावून ये,” आजी म्हणाली.

नातू म्हणाला, “अन् दुकानदाराचं देणं?”

त्याला तयार उत्तर आजीजवळ नव्हते. तिने आपल्या कनवटीच्या पैशांतून पोरीच्या वह्यांपुरते पैसे काढून दिले. देण्याचे पुढे पाहू म्हणाली. नियम करणे सोपे असते. पण नियम पाळताना कोणाची तरी आजची मिळकत जाते. ती मिळकत गावाने थोडी थोडी वाटून घेतली, तरच नियम टिकतो. म्हणून बैठकीत ठरले की, रोजगार हमीची कामे मागायची. डोंगर-उतारावर बांध घालण्याचे काम पावसाळ्याआधी आणि नंतर काढायला लावायचे. बांध झाला की मातीही राहील आणि मजुरीही मिळेल.

त्या संध्याकाळी भुरभुर पावसात नातू पुन्हा डोंगरावर गेला. बरोबर त्याची मुलगी होती. त्याने अकरा खड्डे केले. अकरा बुडखे लावले. वर पालापाचोळा पसरला. मुलीने वहीत लिहिले: “मोठ्या खडकाखाली. अकरा.”

पुढच्या मृगात ती दोघे परत तेथे जातील. किती उगवले ते मोजतील. तो आकडा अकराच्या शेजारी लिहितील. तो अकरापेक्षा कमी असेल. पण दरसाल मोजले तर डोंगर भरतो आहे की रिकामा होतो आहे, हे गावाला कळेल. आणि ज्याला कळते, तोच सावरतो.

शब्द आणि अर्थ

बेणे: लावणीसाठी राखून ठेवलेला कंद किंवा कांडी
बुडखा: मुळ्यांच्या वरचा, डोळा असलेला भाग
गौण वनोपज: लाकूड सोडून रानातून मिळणारे उत्पन्न. जसे मोह, तेंदूपाने, डिंक, औषधी मुळ्या
निचरा: साठलेले पाणी वाहून किंवा मुरून जाणे
शाबूत: न तुटलेले, पुरे

सांगा पाहू

१. श्रावणात मुसळी खणल्याने कोणकोणते नुकसान होते?
२. खुंटीपेक्षा वही बरी, असे नातसुनेला का वाटले?
३. हळदीच्या जेठ्या गड्ड्यात आणि रानातल्या मुसळीत काय सारखे आहे?
४. “राखायचं बी आम्ही, अन् उपाशी बी आम्हीच” या बोलण्याला तुम्ही काय उत्तर द्याल? वर्गात बोला.

करून पाहा

आपल्या गावातल्या एका वृद्ध माणसाजवळ बसा. पूर्वी शिवारात होती आणि आता दिसत नाहीत, अशा पाच झाडांची नावे विचारा. ती वहीत लिहा. प्रत्येक नावापुढे ते झाड शेवटी कोठे पाहिले, तेही लिहा.